टॉवेलचा माणूस: कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

काय करायचंय ते आधी लिहून ठेवते, मागाहून भरकटायला नको. फर्स्ट इयर नर्सिंगच्या पोरींना शिकवायला एक पुऱ्या मापाचा कापडी माणूस, उंची १६५ सेंटिमीटर, पुढून उघडणारा, आतले अवयव काढून परत जागच्या जागी बसवता येणारे. कापड टेरी टॉवेलचं, सोलापुरात राहून दुसरं कुठलं घ्यायचं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या कारखान्यात सेकंडचा माल किलोवर मिळतो, मालकांना सांगितलं काय करायचंय तर आधी हसले आणि मग मरून रंगाचा अख्खा गठ्ठा बाजूला काढून दिला, म्हणाले काळीज ह्याचं करा.

एवढा खटाटोप कशासाठी तर चार्टमुळे. भिंतीवरच्या चार्टमध्ये सगळं एकाच पातळीवर सपाट मांडलेलं असतं. पोरींना अवयवांची नावं येतात, स्पेलिंगसकट येतात, पण मूत्रपिंड आतड्याच्या पुढं का मागं असं विचारलं की वर्ग गप्प. आणि वॉर्डात तर तेच लागतं, कशाच्या मागं काय आहे, कशाला काय टांगलंय, सुई किती आत गेली की कशाला लागेल. अ‍ॅनाटॉमीतलं नाव म्हणजे निम्मं नाव आणि निम्मा पत्ता, पत्ता सोडून नुसतं नाव पाठ केलं की दिवाळीच्या सुट्टीत ते साफ विसरतं.

शिलाई अक्का करणार आहेत, आमच्याच गल्लीतल्या, परकर-पोलकी आणि फ्रॉक शिवतात. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि हिशोब तोंडी.

८ नोव्हेंबर

आउटलाइन काढली. एका पोरीला जमिनीवर जुन्या चादरीवर झोपवलं आणि भोवतीनं खडू फिरवला. माणूस मोकळा झोपला की तळहात आपोआप मांडीकडं वळतात, पायाची बोटं बाहेर पडतात, त्यामुळं पहिलं काम तिला अ‍ॅनाटॉमिकल पोझिशनमध्ये आणायचं. म्हणजे ताठ उभं (आपण झोपवलं असलं तरी उभं आहे असंच धरायचं), तोंड आणि नजर समोर, पाय जवळजवळ आणि पावलं पुढं, हात अंगाच्या बाजूला सरळ खाली, तळहात समोर, अंगठे बाहेर. अक्का दारातनं बघून म्हणाल्या, "ओ मॅडम, भीक मागलालाय की हा."

पण हे तळहात समोर ठेवणं उगाच नाही. असं ठेवलं की कोपराखालची दोन हाडं, अंगठ्याकडची रेडियस आणि करंगळीकडची अल्ना, एकमेकांना समांतर राहतात. तळहात मागं फिरवला की रेडियस अल्नावरून तिरकी आडवी जाते आणि मग आतलं कुठलं, बाहेरचं कुठलं ह्यावर भांडणं लागतात. म्हणून जगभर ठरलंय की पेशंट कसाही असो, उताणा, पालथा, कुशीवर, बाजेवर मुटकुळं करून, त्याचं वर्णन तो ह्या पोझिशनमध्ये उभा आहे असं धरूनच करायचं. अंगठा कायम बाहेरच्या बाजूला. डोकं कायम वर, पेशंट उलटा टांगलेला असला तरी.

आणि डावं-उजवं त्याचं, आपलं नाही. माणूस टेबलावर उताणा ठेवला, पोरी पायाशी उभ्या राहिल्या, आणि यकृत कुठं म्हटल्यावर चौघींनी आपापल्या उजव्या हाताकडं बोट केलं. म्हणून अक्कांकडून त्याच्या उजव्या तळहातावर "उ" आणि डाव्यावर "डा" भरून घेतलंय, लाल दोऱ्यानं, ठसठशीत. सीटी स्कॅनच्या आडव्या फिल्मपण अशाच बघतात, पेशंटच्या पायाकडनं वर बघितल्यासारख्या, त्यामुळं त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते.

१५ नोव्हेंबर

आज शिलाई नाही, दिशा. माणसाच्या मधोमध कपाळापासनं खालपर्यंत काळा दोरा टाकला, ही मिडलाइन. दोऱ्याच्या जवळचं ते मीडियल, लांबचं ते लॅटरल. डोक्याकडचं सुपिरिअर, पायाकडचं इन्फिरिअर, पोटाकडचं अँटेरिअर, पाठीकडचं पोस्टेरिअर, कातडीजवळचं सुपरफिशिअल, खोलातलं डीप. हे सगळे शब्द जोडीनंच येतात आणि नेहमी कशाच्या तरी तुलनेत, नुसतं "हृदय मीडियल आहे" ह्याला काही अर्थ नाही, फुप्फुसांच्या मानानं मीडियल म्हणा.

पोरींचा घोटाळा प्रॉक्सिमल-डिस्टलवर. ही जोडी मुख्यतः हातापायांसाठी, धडाच्या जोडाजवळचं प्रॉक्सिमल, लांबचं डिस्टल, मनगट कोपराच्या डिस्टल. व्याख्या तीनदा सांगून जे झालं नाही ते सलाइनच्या गोष्टीनं झालं. टूर्निकेट, म्हणजे हात आवळायचा पट्टा, कुठं बांधतो, टोचायच्या जागेच्या प्रॉक्सिमल. शीर शोधायला सुरुवात कुठनं करतो, डिस्टलकडनं, म्हणजे शक्यतो हाताच्या खालच्या भागातनं, कारण वरची शीर आधी फुटली तर खाली लावलेलं सलाइन त्या फुटक्या जागेतनंच बाहेर यायला बघतं. हे एकदा सांगितलं आणि परत कुणी विचारलं नाही.

मग प्लेन, म्हणजे शरीराचे कल्पनेतले छेद. दोघींनी सोलापुरी चादर ताणून धरली आणि तिसरी मधे उभी. चादर नाकासमोरून उभी धरली की डावं-उजवं वेगळं, हे सॅजिटल, आणि बरोब्बर मधोमध गेली तर मिडसॅजिटल. कानाकडनं कानाकडं उभी धरली की पुढचं-मागचं वेगळं, हे कोरोनल, ह्यालाच फ्रंटलपण म्हणतात. कंबरेशी आडवी धरली की ट्रान्सव्हर्स. चादरीवरचा मोर त्या पोरीच्या पोटाशी आला तसा सगळ्यांना हसायचा झटका आला, पण तिन्ही प्लेन पंधरा मिनिटांत झाले.

एकीनं रागानंच विचारलं, मॅडम एवढी नावं ठेवली कुणी? तिला म्हटलं बाई ही कमी केलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात एकाच भागाला जर्मनीत एक, फ्रान्समध्ये दुसरं, असं करत नावं ५० हजारांच्या आसपास गेली होती. १८९५ साली स्वित्झर्लंडच्या बाझल गावी अ‍ॅनाटॉमीवाल्यांनी बसून ती साडेपाच हजारांच्या घरात आणली. आत्ताची यादी १९९८ च्या टर्मिनोलॉजिया अ‍ॅनाटॉमिकावरनं आलेली. तिचं समाधान झालं नाही, साडेपाच हजारपण काय कमी आहेत म्हणाली.

१६ नोव्हेंबर

दोरे आणले. धमनी लाल, शीर निळी, चेता (नर्व्ह) पिवळी, लसीका (लिंफ) हिरवी. फुप्फुसाच्या धमनीला निळा आणि फुप्फुसाकडनं हृदयाकडं येणाऱ्या शिरांना लाल, हे अक्कांना दोनदा सांगितलं. रंग रक्तातल्या ऑक्सिजनचा आणि नाव दिशेचं, हृदयातनं बाहेर जाते ती धमनी, मग आत रक्त कसलंही असो.

२३ नोव्हेंबर

पाठीचा कणा. ह्यात मजा आली.

मालकांच्या गोडाऊनमध्ये सूत गुंडाळायच्या जुन्या लाकडी कांड्यांचं पोतं पडलं होतं, साध्या मागावरच्या, आता कुणाला नको असलेल्या. कांडी एका टोकाला जाड आणि दुसरीकडं निमुळती असते, तेच पाहिजे होतं. मणकेपण वरनं खाली जाड होत जातात, डोक्याचं वजन पेलणारा मानेचा मणका लहान आणि अख्ख्या धडाचं वजन घेणारा कमरेचा दणकट. सुताराकडनं कांड्यांचे तुकडे पाडले, निमुळत्या टोकाचे ७ मानेला, मधले १२ पाठीला, जाड बाजूचे ५ कमरेला. त्याखाली ५ जुळून झालेलं त्रिकास्थी आणि ४ जुळून झालेलं माकडहाड, ही दोन्ही एकेका लाकडाच्या ठोकळ्यात. एकूण ३३, पण सुटे हलणारे २४ च. दोन मणक्यांमधे टायरच्या ट्यूबचे गोल तुकडे, ह्या डिस्क. कांडीला मधनं भोक असतंच, त्यामुळं मज्जारज्जूचा रस्ता आयता मिळाला. खऱ्या मणक्यात हे भोक मुख्य गोलाच्या मधे नसून त्याच्या मागं कमानीत असतं, तेवढं पोरींना सांगायला लागणार, नाहीतर कण्याच्या गाभ्यातनं दोरी जाते असं डोक्यात बसेल. मागच्या कमानीसाठी प्रत्येक तुकड्याला पाठीमागं एक जाड कापडी लूप लावून दोरी त्यातनंच न्यायची असं शेवटी ठरलं, भोकातनं नुसती जोडायची तार.

मज्जारज्जू म्हणजे परकराचा पिवळा नाडा, ४५ सेंटिमीटर. तो ओवला आणि अक्का म्हणाल्या कमी पडला, खाली अजून केवढं राहिलंय. कमी पडलेला नाही, मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्याखाली नुसते चेतांचे मोकळे धागे लोंबतात. नाड्याचं टोक उसवून ते धागे खाली सोडले. आणि म्हणूनच पाठीतलं पाणी काढायची सुई तिसऱ्या-चौथ्या नाहीतर चौथ्या-पाचव्या कमरेच्या मणक्यामधे घालतात, तिथं रज्जूच नसतो, धागे सुईपासनं बाजूला सरकतात. जागा कशी शोधायची तर दोन्ही बाजूची कमरेची हाडं वर जिथं हाताला लागतात ती टोकं जोडा, ती रेघ चौथ्या मणक्यावरून जाते. पोरींनी एकमेकींच्या कमरेवर शोधली. कपड्यावरनंसुद्धा सापडते.

बाकीची हाडं पटापट उरकतेय. मोठ्या माणसात २०६, त्यातली ८० मधल्या अक्षाची आणि १२६ हातापायांची आणि त्यांना धरणाऱ्या खांदा-कमरेची. बरगड्यांच्या १२ जोड्या वेताच्या.

३० नोव्हेंबर

पोकळ्या. मागची पोकळी कवटीत आणि कण्यात, ती झाली. पुढची मोठी पोकळी एका पडद्यानं दोन भागात, वर छाती, खाली पोट आणि ओटीपोट. पडदा म्हणजे डायफ्राम, श्वासपटल, तो घुमटाकार शिवायचा होता, अक्कांनी टोपीच्या कळ्यांसारखा शिवला आणि कडा बरगड्यांना आतनं टाचली. त्यात तीन काज. खालच्या महाशिरेसाठी पाठीच्या आठव्या मणक्याच्या पातळीवर, अन्ननलिकेसाठी दहाव्या, महाधमनीसाठी बाराव्या. महाधमनीचं खरं तर भोक नाही, ती पडद्याच्या मागनं घसरते, म्हणून तिथं काज न करता कडेला खाच ठेवली. अक्कांना तिन्हीचे मणके तोंडपाठ झालेत, फर्स्ट इयरच्या निम्म्या वर्गाच्या पुढं आहेत त्या.

मग फुप्फुसावरचं आवरण, प्लुरा, दुहेरी. हे कुठल्याच चित्रावरनं समजत नाही आणि मला पक्कं माहितीय की पोरी त्याला दोन वेगळ्या पिशव्या समजतात. अक्कांना म्हटलं उशीचा अभ्रा चारी बाजूंनी बंद शिवा. मग फुप्फुस बाहेरनंच त्या बंद अभ्र्यावर ठेवून आत दाबत नेलं. अभ्र्याची एक बाजू फुप्फुसाला चिकटून आत गेली, ती व्हिसरल, दुसरी छातीच्या भिंतीला लागून राहिली, ती पराएटल, आणि फुप्फुस अभ्र्याच्या आत गेलंच नाही! दोन थरांच्या मधे जी जागा राहिली ती प्लुराची पोकळी, खऱ्या माणसात तिथं थोडासाच द्राव असतो, वंगणापुरता. तिथं पाणी भरलं, हवा भरली की फुप्फुस दबतं. हृदयाभोवती हीच रचना, नाव पेरिकार्डियम. पोटात हीच, पेरिटोनियम. एकदा हाताला कळलं की तिन्ही एकदम कळतात.

उजव्या फुप्फुसाला तीन खण, डाव्याला दोन. श्वासनलिकेच्या दोन फांद्यांत उजवी जास्त रुंद, आखूड आणि सरळ उभी उतरते, डावी लांब आणि तिरकी. रबरी नळीनं करून बघितल्या आणि वरनं शेंगदाणे टाकले. बहुतेक उजवीकडंच गेले. लहान पोरांच्या छातीतपण दाणा जास्त करून उजवीकडंच अडकतो आणि आपल्याकडं शेंगा म्हणजे घरोघरी, म्हणून हे त्यांना मुद्दाम दाखवणार.

७ डिसेंबर

आतडं. अख्ख्या प्रकल्पात मला ह्याचीच धास्ती होती.

आधी नळी. टॉवेल असा निवडला की ज्याच्या एका बाजूला लूप आहेत आणि दुसरी बाजू कातरून मखमली केलीय. लहान आतड्याला आतनं बारीक बारीक उंचवटे असतात, व्हिलाय, खरे साधारण एक मिलिमीटरपर्यंतचे, अन्न शोषायची जागा वाढवणारे. टॉवेलचे लूप त्यापेक्षा मोठे पण काम तेच, पाणी शोषायला पृष्ठभाग वाढवलेला. म्हणून लूप आत ठेवून लांब नळी शिवली, शिलाईची कड बाहेर. मोठ्या आतड्याला व्हिलाय नसतात, म्हणून त्याला मखमली बाजू आत. मोठ्या आतड्याला बाहेरनं स्नायूच्या तीन लांब पट्ट्या असतात आणि त्या आतड्यापेक्षा आखूड, त्यामुळं ते गोळा होऊन त्याचे फुगे फुगे दिसतात. अक्कांनी तीन इलास्टिकच्या पट्ट्या ताणून शिवल्या, सोडल्या, आणि दीड मीटरचं आतडं टेबलावर आपोआप फुग्याफुग्याचं झालं. न सांगता. आम्ही दोघी बघतच राहिलो.

आता खरी अडचण. लहान आतडं सुमारे ६ मीटर धरतात (जिवंत माणसात स्नायूंच्या ताणामुळं त्याहून आखूडच असतं). त्यातला पहिला वीतभर भाग, ड्युओडेनम, २५ सेंटिमीटर, मागच्या भिंतीला चिकटून इंग्रजी सी सारखा बसतो. पण उरलेलं सगळं एका झालरीनं पाठीच्या भिंतीला टांगलेलं असतं, मेसेंटरी, आणि त्या झालरीचं मूळ फक्त १५ सेंटिमीटर! कमरेच्या दुसऱ्या मणक्याच्या डावीकडनं तिरकं खाली, उजवीकडं त्रिकास्थी आणि कमरेचं हाड जुळतात त्या सांध्यापर्यंत. म्हणजे एका कडेला १५ सेंटिमीटर आणि दुसऱ्या कडेला पावणेसहा मीटर, एकाच कापडाच्या. चुण्या घालून हे होत नाही, जाड गोळा होतो.

अक्कांनी विचारलं, झालर रुंद किती. म्हटलं जिथं जास्त तिथं वीसेक सेंटिमीटर. त्या जरा वेळ गप्प, मग म्हणाल्या "गोल कापायचं की मॅडम, फ्रॉकला फ्रिल लावतो तसं." पांढऱ्या मलमलचे २० सेंटिमीटर त्रिज्येचे पाच गोल कापले, प्रत्येकाला मधे अगदी बारीक भोक, घेर ३ सेंटिमीटर, मग प्रत्येक गोल एका जागी भोकापर्यंत चिरला आणि पाचही एकापुढं एक जोडले. भोकांची कड पाच त्रिक पंधरा. बाहेरची कड एका गोलाला सव्वा मीटर, म्हणजे पाचांची सव्वासहा, शिलाईत जाऊन जे उरलं ते बरोबर पुरलं. मी कागदावर गुणाकार करत होते तोवर त्यांची कात्री चालली पण होती. झालर नळीच्या बाहेर ठेवलेल्या शिलाईतच बसवली, त्यामुळं तीपण लपली.

खरी मेसेंटरी दोन थरांची असते आणि त्या थरांमधनं आतड्याकडं रक्तवाहिन्या, चेता आणि लसीकावाहिन्या जातात, म्हणून मलमल दुहेरी करून मधे लाल-निळे-पिवळे दोरे पंख्यासारखे पसरलेत. उजेडात धरलं की दिसतात. आतड्याला पीळ पडला की जीवावर का बेततं हे ह्यावरनं लगेच कळतं, सगळ्या वाहिन्या त्या १५ सेंटिमीटरच्या मुळातनंच येतात, पीळ बसला की रक्तच बंद.

९ डिसेंबर

वजनं. यकृत दीड किलो, हृदय ३०० ग्रॅम, मूत्रपिंड आणि प्लीहा प्रत्येकी १५० च्या आसपास. अक्का म्हणत होत्या ज्वारी भरू, पण पावसाळ्यात सोंडे होणार, म्हणून चाळलेली वाळू. पोरींच्या हातात यकृत दिलं तर सगळ्यांचे हात खाली गेले.

२१ डिसेंबर

आज शरीराची उतरंड, म्हणजे रेणूपासनं पेशी, पेशींपासनं ऊती, ऊतींपासनं अवयव, अवयवांपासनं संस्था, संस्थांपासनं माणूस. पुस्तकात हा पहिला धडा असतो. मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतला, जठर हातात असल्याशिवाय ऊती शिकवणं म्हणजे नुसती हवा.

जठराला खिडकी कापली आणि थर दाखवले. आतनं गुलाबी, अभिस्तर ऊती, तिच्याच पेशी आम्ल आणि रस सोडतात. त्याखाली पांढरं, संयोजी ऊती, रक्तवाहिन्या घेऊन बसलेली. मग मरून, स्नायू ऊती, बाकी आतड्याला दोन थर असतात पण जठराला तीन, तिरके, गोल आणि लांब, म्हणून ते अन्न सगळीकडनं घुसळू शकतं. मधनं पिवळे धागे, चेता ऊती. सगळ्यात बाहेर पातळ झिलईचं आवरण, तेच पेरिटोनियम. चारही ऊती एका जठरात. अवयव कशाला म्हणायचं हे मग वेगळं सांगायला लागलं नाही.

रक्त आणि हाड दोन्ही संयोजी ऊती, हे मात्र कुणालाच पटत नाही. एक पातळ, एक दगड. पण संयोजी ऊतीत पेशी विरळ आणि त्यांच्यामधला पदार्थ जास्त असतो, हाडात तो कॅल्शियमनं कडक, रक्तात तो प्लाझ्मा, असं म्हटल्यावर निम्म्या माना हलल्या.

संस्था ११. प्रत्येक अवयवाला संस्थेच्या रंगाची फीत लावायला घेतली आणि स्वादुपिंडाशी गाडी अडली, ते पाचक रसपण बनवतं आणि इन्सुलिनपण. दोन फिती लावल्या. संस्था ही आपण अभ्यासापुरती केलेली वाटणी आहे, शरीरात भिंती नाहीत, हे त्या दोन फितींवरनं जेवढं कळतं तेवढं माझ्या बोलण्यानं कळलं नसतं.

२८ डिसेंबर

पोटाचे नऊ भाग. टेबलावर घालायचं पारदर्शक प्लास्टिक घेतलं, त्यावर मार्करनं दोन उभ्या रेघा, दोन्ही कॉलरबोनच्या मध्यातनं, आणि दोन आडव्या, वरची बरगड्यांच्या खालच्या कडेला, खालची कमरेच्या हाडाच्या उंचवट्यांमधनं. प्लास्टिक माणसावर टाकलं, वर मधे एपिगॅस्ट्रिक, मग अंबिलिकल, मग हायपोगॅस्ट्रिक, बाजूंना हायपोकाँड्रिअक, लंबर आणि इलिअक, डावी-उजवी.

माझं स्पष्ट मत आहे की परीक्षेला नऊ आणि वॉर्डात चार. बेंबीतनं एक उभी, एक आडवी, झाले चार क्वाड्रंट, फोनवर डॉक्टरांना सांगायला हेच चालतं. उजवा वरचा, यकृत आणि पित्ताशय. उजवा खालचा, अपेंडिक्स. डावा वरचा, जठराचा बराचसा भाग आणि प्लीहा. डावा खालचा, मोठ्या आतड्याचा शेवटचा वळसा, म्हणून एनिमा देताना डाव्या कुशीवर झोपवतात.

पेशंट ह्यातलं काहीच बोलत नाही. तो म्हणतो बेंबीपाशी कळ येते, बरगडीखाली टोचतंय, ओटीपोट जड झालंय. अक्कलकोटकडची पोरगी म्हणाली आमच्याकडं कानडीत होट्टे म्हणतात आणि सगळं पोट त्यातच, अक्का मागनं म्हणाल्या आमचं कडुपु. मग एक खेळ केला, एकीनं पेशंट होऊन आपल्या घरच्या भाषेत दुखणं सांगायचं, दुसरीनं प्लास्टिकवर बोट ठेवून भागाचं नाव लिहायचं. अपेंडिक्सवर सगळ्या फसल्या कारण ते दुखणं बऱ्याचदा आधी बेंबीभोवती सुरू होतं आणि नंतर खाली उजवीकडं सरकतं. एकीच्या भावाचं तसंच झालं होतं, घरच्यांनी पोटात वात धरला म्हणून रात्रभर शेक दिला.

११ जानेवारी

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी सुरू झालीय, होम मैदानाकडनं रिक्षा मिळेना, माणूस खांद्यावर टाकून चालत आणला. लोक बघत होते.

दोन कामं झाली. एक, पुढचं झाकण. वेल्क्रोची काटेरी पट्टी टेरीला सरळ चिकटते, दुसरी मऊ पट्टी लागतच नाही, म्हणून सुरुवातीला आम्ही खूष होतो, पण रोज ओढून ओढून टॉवेलचे लूप निघायला लागले आणि पोटाची कड टकली झाली. अवयवांना वेल्क्रो ठेवला, झाकणाला काढून टाकला आणि बंद लावले, जत्रेतल्या नंदीध्वजवाल्यांच्या बाराबंदीला, त्या बंदांच्या अंगरख्याला, असतात तसेच. अक्कांच्या घरी बाराबंद्या शिवायचं काम चालूच होतं, त्यातलेच बंद उरले.

दोन, पाठीचा दरवाजा. मूत्रपिंडं पेरिटोनियमच्या मागं असतात, पुढनं आतडी, झालर, सगळं काढलं तरी एक पडदा राहतोच आणि ती त्याच्यापलीकडं. त्याच्यामागं ड्युओडेनमचा बराचसा भाग, स्वादुपिंडाचं बहुतेक अंग, चढतं आणि उतरतं मोठं आतडं, महाधमनी, महाशीरपण. त्यामुळं पाठीला बारावी बरगडी धरून एक झडप ठेवली, ती उघडली की मूत्रपिंड लगेच हाताला, उजवं थोडं खाली कारण वर यकृत. किडनीची बायॉप्सी पालथं झोपवून पाठीकडनं का करतात हे आता सांगायला नको. मूत्रपिंड पुढं का मागं हा पहिला प्रश्न मी परत विचारला, एकीनं उत्तर न देता सरळ माणूस पालथा घातला.

२५ जानेवारी

ईसीजीची बटणं लावली, छातीवर इलेक्ट्रोड चिकटवतात त्या सहा जागी प्रेस बटणं. दुसरी बरगडी छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापाशी सापडते, तिथनं खाली मोजत यायचं. व्ही-वन उजवीकडं बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत हाडालगत, व्ही-टू तसंच डावीकडं, व्ही-फोर पाचव्या फटीत कॉलरबोनच्या मध्यातनं येणाऱ्या रेघेवर, व्ही-थ्री त्या दोघांच्या मधे, आणि व्ही-फाइव्ह, व्ही-सिक्स त्याच आडव्या पातळीत काखेकडं. पोरी बरगड्या वरनं न मोजता अंदाजानं ठोकतात, इथं अंदाजानं बटण बसतच नाही, त्यामुळं मोजायलाच लागतं.

राहिलेलं: लसीकेचं हिरवं जाळं, त्यातली मुख्य नळी डावीकडं मानेच्या बुडाशी शिरेत उघडते ती नीट दाखवायची. ओटीपोटाचा संच सध्या पुरुषाचा आहे, बाईचा वेगळा शिवून अदलाबदल करता येईल असा पाहिजे, गर्भाशय मूत्राशयावर पुढं झुकलेलं दिसलं पाहिजे. मालक म्हणालेत गुलाबी सेकंड फेब्रुवारीत निघेल. हिरवा दोरा अक्कांकडं संपलाय, मंगळवारी आणायचा.